‘जनशत्रू’ : सभेत न वाचला गेलेला अहवाल

(१)

हेन्रिक इब्सेन याचे ‘एन फोल्केफिएंडे’ हे पंचांकी नाटक १८८२ च्या नोव्हेंबरमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले आणि १८८३ च्या जानेवारीत ख्रिस्तियानियाच्या, म्हणजे आजच्या ओस्लोच्या, रंगभूमीवर आले. ‘ॲन एनिमी ऑफ द पीपल’ या इंग्रजी नावाने ते पुढे जगभर परिचित झाले. प्रस्तुत लेखात त्याचा निर्देश ‘जनशत्रू’ असा केला आहे. मराठी नाट्यविचारात इब्सेनचे नाव प्रामुख्याने कौटुंबिक समस्याप्रधान नाटकांच्या संदर्भात घेतले जाते. ब्यर्न्सनच्या नाटकावर आधारलेले ‘आंधळ्यांची शाळा’ (१९३३) आणि ‘ए डॉल्स हाउस’चे अनंत काणेकरकृत ‘घरकुल’ हे रूपांतर यांच्या द्वारा नॉर्वेजियन नाटकाची जी ओळख मराठी प्रेक्षकास झाली, ती घराच्या चार भिंतींतील संघर्षाची होती. ‘जनशत्रू’मध्ये इब्सेन घराचा उंबरठा ओलांडून नगरात येतो. विज्ञान, वृत्तपत्र आणि सत्ता या तीन शक्ती एका लहानशा गावात परस्परांना कशा भिडतात, हा या नाटकाचा विषय आहे.

या नाटकाचा रूढ अर्थ सर्वपरिचित आहे. एक सत्यनिष्ठ वैद्य, त्याच्या विरुद्ध उभे राहिलेले स्वार्थी सत्ताधारी, विकाऊ वृत्तपत्र आणि अज्ञ जमाव, अशी त्याची मांडणी केली जाते आणि एकाकी व्यक्तीच्या नैतिक विजयात नाटकाचे सार पाहिले जाते. हा अर्थ चुकीचा आहे असे म्हणता येणार नाही. तथापि तो अपुरा आहे. नाटकाची संहिता बारकाईने पाहिली असता एक गोष्ट ध्यानात येते. ज्या अहवालावरून एवढा गदारोळ उठतो, तो गावातील सामान्य नागरिकांपुढे शेवटपर्यंत वाचला जातच नाही. सत्ताधारी तो वाचू देत नाहीत, वृत्तपत्र तो छापीत नाही आणि अखेरीस स्वतः डॉक्टरही तो बाजूला ठेवून दुसऱ्याच विषयावर बोलू लागतो. नाटकाची खरी शोकांतिका या तिसऱ्या गोष्टीत आहे, हे दाखविण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

(२)

नाटकाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. दक्षिण नॉर्वेच्या किनाऱ्यावरील एका गावात आरोग्यस्नानगृहे नव्यानेच उभारण्यात आली आहेत. बाहेरगावचे रुग्ण तेथे येऊ लागले आहेत, जागांच्या किमती वाढत आहेत आणि गावाला भरभराटीची स्वप्ने पडत आहेत. स्नानगृहांचा वैद्यकीय अधिकारी डॉ. टोमास स्टॉकमान याला आदल्या वर्षी रुग्णांमध्ये आढळलेल्या विषमज्वरावरून पाण्याविषयी संशय आलेला असतो. त्याने पाण्याचे नमुने विद्यापीठाकडे पृथक्करणासाठी पाठविले आहेत. पहिल्या अंकात त्या पृथक्करणाचे उत्तर येते : पाण्यात सडलेली सेंद्रिय द्रव्ये आणि असंख्य सूक्ष्म जीव आहेत. वरच्या खोऱ्यातील कातडी कमावण्याच्या कारखान्यांची घाण जमिनीत मुरून नळांत शिरते. नळ खालच्या पातळीवरून नेल्यामुळे हे घडले आहे. आणि ते वरून न्यावेत असे डॉक्टरचे मूळ मत होते.

ज्या वर्षी नाटक प्रसिद्ध झाले, त्याच वर्षी मार्चमध्ये रॉबर्ट कॉख याने क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला होता. विषमज्वराचा जंतू एबर्थने १८८० मध्ये पाहिला होता. म्हणजे रोगजंतूंची कल्पना त्या काळी वैज्ञानिकांच्या वर्तुळातही नवी होती, मग गावातील करदात्यांची गोष्ट दूरच. डोळ्यांना न दिसणारे प्राणी पाण्यात आहेत आणि ते माणसाला मारतात, हे विधान सामान्य माणसाने कशाच्या आधारे मानावयाचे? त्याच्याजवळ सूक्ष्मदर्शक नाही. त्याला एकतर स्वतः अनुभव घ्यावा लागेल, किंवा ज्याने पाहिले त्याच्यावर विश्वास ठेवावा लागेल. इब्सेनने ही अडचण म्हाताऱ्या मॉर्टन कीलच्या तोंडून विनोदाने मांडली आहे. कुणालाच दिसत नाहीत असे प्राणी नळात आहेत ही गोष्ट त्याला नगराध्यक्षाची केलेली झकास फजिती वाटते आणि म्हणूनच ती त्याला आवडते. अडाण्याच्या या हशात आधुनिक समाजाचा एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे. विज्ञान जसजसे सूक्ष्म होत जाते, तसतसे त्याचे सत्य सामान्यांच्या प्रत्यक्ष प्रतीतीपासून दूर जाते आणि विश्वासाच्या आश्रयाने जगू लागते. विश्वास मात्र प्रयोगशाळेत निर्माण होत नाही. तो ज्या वाटेने ज्ञान समाजात येते, त्या वाटेवर मिळतो किंवा गमावला जातो.

डॉक्टरला या वाटेची कल्पनाच नाही. पृथक्करणाचे पत्र हाती पडताच तो आनंदाने बेभान होतो. आपण गावावर मोठाच उपकार केला आहे, आता आपल्या सन्मानार्थ मिरवणूक निघू नये एवढीच खबरदारी घ्यावयाची, अशी त्याची समजूत असते. नळ बदलण्यास किती खर्च येईल, स्नानगृहे किती काळ बंद राहतील, तो खर्च कोण सोसणार, हे प्रश्न त्याला सुचतही नाहीत. दुसऱ्या अंकात त्याचा थोरला भाऊ, नगराध्यक्ष पेटर स्टॉकमान, हे प्रश्न उपस्थित करतो. प्रचंड खर्च होईल, काम दोन वर्षे चालेल, तोवर शेजारची गावे आपली गिऱ्हाइके पळवतील, असा त्याचा हिशेब आहे. पेटर दुष्ट आहे म्हणून हे प्रश्न खोटे ठरत नाहीत. त्याचा अपराध वेगळा आहे. खर्चाच्या प्रश्नाचे उत्तर तो पाण्याच्या प्रश्नावर लादतो. नळ बदलणे परवडत नाही, म्हणून पाणी दूषित नाही, असा त्याचा युक्तिवाद आहे. आणि दुय्यम अधिकाऱ्याला वरिष्ठांच्या मताविरुद्ध स्वतंत्र मत असण्याचा अधिकारच नाही, अशी त्याला तो जोड देतो.

(३)

‘जनशत्रू’तील वृत्तपत्राचे चित्रण हा त्यातील सर्वांत सूक्ष्म भाग होय. त्याला ऐतिहासिक संदर्भ आहे. १८८० नंतरच्या काळात नॉर्वेमध्ये राजसत्ता आणि लोकप्रतिनिधी यांच्यातील झगडा शिगेस पोहोचला होता. १८८४ मध्ये तेथे जबाबदार मंत्रिमंडळाची पद्धती रूढ झाली. या झगड्यात उदारमतवादी वृत्तपत्रे स्वातंत्र्याच्या बाजूने लढत होती. परंतु १८८१ मध्ये इब्सेनचे ‘गेंगांगेरे’ (‘गोस्ट्स’) प्रसिद्ध झाले, तेव्हा सनातन्यांबरोबर उदारमतवादी पत्रांनीही त्याच्यावर हल्ला चढविला. तो दंश ताजा असतानाच ‘जनशत्रू’ लिहिले गेले.

‘फोल्केबूडेट’ या पत्राचा संपादक होव्‌स्टाड हा सरळसरळ खलपुरुष नाही. तो गरिबीतून वर आलेला, मूठभर श्रीमंतांच्या सत्तेचा मनापासून द्वेष करणारा पत्रकार आहे. दूषित पाण्याची वार्ता ऐकताच त्याला त्यात शस्त्र दिसते. पाणी स्वच्छ व्हावे यापेक्षा नगराध्यक्षाचा गट उखडला जावा, ही त्याची निकड आहे. दुसऱ्या अंकात तो डॉक्टरला सुचवितो की खरी घाण कारखान्यांची नसून ज्या दलदलीत गावाचे सारे सार्वजनिक जीवन रुतले आहे, तिची आहे. हे वाक्य टीकाकारांच्या नजरेतून सहसा निसटते. चौथ्या अंकात डॉक्टर आपला महान शोध म्हणून जे सांगतो, आपल्या जीवनाचे सारे नैतिक झरेच विषारी झाले आहेत असे जे घोषित करतो, त्याचे बीज येथे आहे. पाण्याविषयीचे विधान डॉक्टरने तपासून केले होते. समाजाविषयीचे रूपक त्याला संपादकाने पुरविले. वैज्ञानिक आपले सत्य वृत्तपत्राला देतो आणि बदल्यात वृत्तपत्राची भाषा घेऊन परततो.

तिसऱ्या अंकात इब्सेनने वृत्तपत्राच्या कारभाराचे अंतरंग उघडे केले आहे. डॉक्टरची मुलगी पेट्रा ही शिक्षिका आहे. भाषांतरासाठी दिलेली एक इंग्रजी गोष्ट ती परत आणून देते. कारण सज्जनांचे भले आणि दुर्जनांचे वाईट करणारी एक अदृश्य दैवी शक्ती असते, असे तीत सांगितले आहे आणि पत्राच्या मतांशी ते विसंगत आहे. होव्‌स्टाडचे उत्तर मार्मिक आहे. मागच्या पानावर अशी भाविक गोष्ट असली म्हणजे वाचक पुढच्या पानावरील जहाल राजकारण निमूटपणे गिळतो! येथे वाचक हा पटवून देण्याचा विषय उरलेला नसून हाताळण्याचा विषय झाला आहे. ज्या पत्राची वाचकाविषयी ही धारणा आहे, ते डॉक्टरचा अहवाल छापणार होते तेही सत्य म्हणून छापणार नव्हते आणि नंतर छापण्याचे नाकारते तेही असत्य म्हणून नाकारीत नाही.

मुद्रक आस्लाक्सन हे पात्र मराठी वाचकास विशेष ओळखीचे वाटेल. तो घरमालकांच्या संघाचा अध्यक्ष आणि मद्यपाननिषेधाचा पुरस्कर्ता आहे. नेमस्तपणा हा नागरिकाचा पहिला सद्‌गुण, हे त्याचे पालुपद आहे. दूरच्या सरकारवर तो कडक टीका करू देईल, स्थानिक सत्ताधाऱ्यांवर मात्र नाही; कारण सरकार आपल्या जागी अढळ असते, स्थानिक माणसे मात्र उलटू शकतात. नळदुरुस्तीचा खर्च भागधारक देणार नाहीत, तो कर्ज काढून करदात्यांच्या माथी बसेल, असे नगराध्यक्षाने सांगताच आस्लाक्सन फिरतो. आस्लाक्सन फिरताच होव्‌स्टाड फिरतो, कारण कागद आणि छपाई आस्लाक्सनच्या हाती आहे. अहवालातील एकाही विधानाचे खंडन या सर्व काळात कुणी केलेले नाही.

(४)

चौथा अंक हा नाटकाचा कणा आहे. छापखाना बंद झाल्यावर डॉक्टर कप्तान होर्स्टरच्या घरी जाहीर सभा बोलावतो. तेथे सभाशास्त्राच्या आधारेच त्याचा आवाज बंद केला जातो. प्रथम अध्यक्ष निवडण्याची सूचना येते. आस्लाक्सन अध्यक्ष होतो. मग डॉक्टरला आपला अहवाल वाचू देऊ नये, असा प्रस्ताव नगराध्यक्ष मांडतो. त्यावर भाषणे होतात. लोकशाहीची सारी बाह्यांगे येथे उपस्थित आहेत आणि तिचा प्राण असलेली एकच गोष्ट, म्हणजे ज्यावर निर्णय घ्यावयाचा तो पुरावा ऐकणे, तेवढी वगळण्यात आली आहे.

परंतु त्यानंतर जे घडते ते अधिक महत्त्वाचे आहे. प्रस्ताव मताला टाकण्यापूर्वीच डॉक्टर म्हणतो की त्याची गरज नाही. स्नानगृहांच्या घाणीविषयी आज आपणाला बोलावयाचेच नाही. आपला नवा शोध याहून मोठा आहे. मग तो प्रतिपादन करू लागतो की एकवट बहुमत हाच सत्याचा आणि स्वातंत्र्याचा सर्वांत घातक शत्रू आहे. बहुजनांनी मान्य केलेली सत्ये ही म्हातारी झालेली सत्ये असतात. सत्याचे आयुष्य फार तर वीस वर्षांचे. पुढे तो उत्तम पैदाशीच्या आणि गावठी कुत्र्यांची तुलना करतो आणि माणसांतही असाच भेद असल्याचे सांगतो. सभा खवळते. एका मद्यप्याचा अपवाद वगळता सारी सभा त्याला जनशत्रू ठरविते.

हा अंक वाचताना वाचकाची सहानुभूती डॉक्टरच्या बाजूने इतकी ओढली जाते की त्याच्या तर्कातील उडी ध्यानात येत नाही. पाणी दूषित आहे हे विधान त्याने नमुने घेऊन, तज्ज्ञांकडे पाठवून, उत्तराची वाट पाहून मगच केले होते. पत्र येईपर्यंत तो गप्प राहिला होता. हाच संयम त्याच्या वैज्ञानिकत्वाची खूण होती. बहुमत नेहमीच चुकते, माणसांत जातिवंत आणि गावठी असे प्रकार असतात, या विधानांसाठी त्याने कोणते नमुने तपासले? एका आठवड्याचा मनस्ताप हाच त्यांचा आधार आहे. प्रयोगशाळेतून मिळविलेला अधिकार तो राजकीय मतासाठी वापरतो. नगराध्यक्षाने खर्चाच्या गणिताने पाणी शुद्ध ठरविले. डॉक्टर पाण्याच्या पृथक्करणाने माणसांची प्रतवारी ठरवितो. दोघे भाऊ शोभतात.

याहून मोठी हानी दुसरी आहे. त्या सभेतील नागरिकांनी डॉक्टरविरुद्ध मत दिले म्हणून बहुमत सत्यद्वेष्टे असते, असा निष्कर्ष काढला जातो. पण त्यांच्यापुढे सत्य ठेवलेच गेले नव्हते. त्यांनी ऐकली ती सत्ताधाऱ्यांची आश्वासने आणि डॉक्टरची निर्भर्त्सना. पुरावा ऐकून त्यांनी तो नाकारला असता, तर बहुमताविषयीचा डॉक्टरचा सिद्धान्त निदान कसोटीस लागला असता. नाटकात ती कसोटी होतच नाही. शेवटच्या अंकात फुटलेल्या खिडक्या, सुटलेली नोकरी, घर सोडण्याची सूचना यांच्या मध्यभागी डॉक्टर उभा राहतो आणि जो अगदी एकटा उभा असतो तोच जगातील सर्वांत बलवान पुरुष, या निष्कर्षाप्रत येतो. त्याची नीतिमत्ता निःसंशय उज्ज्वल आहे. सासऱ्याच्या वारशातून घेतलेले स्नानगृहांचे भाग आणि त्यांच्या मोबदल्यात मौन, हा सौदा तो धुडकावून लावतो. भागांचा भाव पाडण्यासाठीच त्याने हे सारे रचले असे समजून सहकार्य देऊ करणाऱ्या संपादकाला तो छत्री उगारून हाकलतो. परंतु पडदा पडतो तेव्हा नळातून तेच पाणी वाहत असते. या विजयात रुग्णांच्या वाट्याला काहीही आलेले नाही.

(५)

या विवेचनाला एक बाह्य पुरावाही आहे. पुढील काळात ज्या दोन समर्थ कलावंतांनी हे नाटक आपल्या समाजासाठी पुन्हा रचले, त्या दोघांनाही हाच भाग बदलावा लागला.

आर्थर मिलरचे रूपांतर न्यूयॉर्क येथे २८ डिसेंबर १९५० रोजी रंगभूमीवर आले. कम्युनिस्टविरोधी चौकशांच्या त्या काळात अल्पमतवाल्याच्या बोलण्याच्या हक्काचे नाटक म्हणून मिलरला ते हवे होते. नाझी राजवटीचा अनुभव घेतलेल्या जगापुढे पैदाशीवरून माणसांचा दर्जा ठरविणारा नायक उभा करणे त्याला शक्य नव्हते. त्याने तो भाग गाळला. प्रयोग अवघे ३६ झाले. संहिता मात्र पुढे अनेक ठिकाणी वापरली गेली. मिलरचा नायक अधिक निर्मळ आहे आणि म्हणूनच कमी बोधप्रद आहे. दोष सर्वस्वी जमावाकडे गेल्यामुळे, सत्याच्या पक्षातील माणूसही सत्याची वाट कशी अडवू शकतो, हा इब्सेनचा कठोर प्रश्न तेथे हरवतो.

सत्यजित राय यांनी ‘गणशत्रु’ (१९८९) या बंगाली चित्रपटात वेगळा मार्ग घेतला. स्नानगृहांच्या जागी त्यांनी देवालय आणले. चंडीपूर गावातील डॉ. अशोक गुप्त यांना कावीळ पसरण्याचे मूळ देवळातील चरणामृतात, म्हणजे तेथे येणाऱ्या दूषित पाण्यात, सापडते. त्यांचा धाकटा भाऊ नगरपालिकेचा अध्यक्ष आहे. गंगाजल आणि तुळस असलेले तीर्थ दूषित होऊच शकत नाही, हा येथील युक्तिवाद आहे. या बदलाने प्रश्न अधिक खोल होतो. नॉर्वेतील करदात्याला पैशाची चिंता होती. चंडीपूरच्या भक्ताची श्रद्धा पणाला लागली आहे आणि त्या श्रद्धेआड पैशाचे हितसंबंधही आहेत. सभेत डॉक्टरच्या पाण्याविषयीच्या विधानाऐवजी त्याच्या हिंदुत्वाची चौकशी होते. विधान तपासण्याऐवजी विधान करणाऱ्याची जात, धर्म आणि निष्ठा तपासावयाची, ही आधुनिक प्रचाराची जुनीच रीत आहे आणि राय यांनी ती अचूक टिपली आहे.

रायांचा शेवट इब्सेनच्या शेवटाहून भिन्न आहे. पत्रातून बाहेर पडलेला तरुण वार्ताहर आणि नाटकमंडळींचे तरुण डॉक्टरचे म्हणणे लोकांपर्यंत नेण्यास पुढे येतात. बाहेरून त्यांच्या घोषणा ऐकू येतात. आपण एकटे नाही, हे डॉक्टरला उमगते. अनेकांना हा शेवट भाबडा वाटतो. कलादृष्ट्या तो घाईचा आहे, हे मान्य केले पाहिजे. घोषणा ऐकू येतात, पण त्या देणाऱ्यांचे मन पूर्वी चित्रपटात पुरेसे उलगडलेले नाही. तथापि विचारदृष्ट्या राय यांनी इब्सेनच्या नाटकातील नेमकी उणीव हेरली आहे. त्यांचा डॉक्टर जमावाला शिव्या देत नाही. अहवाल लोकांपर्यंत पोहोचलेला नाही, तो पोहोचविण्याची वाट शोधली पाहिजे, हे त्यांच्या शेवटाचे सूत्र आहे.

(६)

महाराष्ट्राच्या इतिहासात या प्रश्नाची एक उलटी प्रतिमा आढळते आणि तिच्यामुळे तो अधिक स्पष्ट होतो. इब्सेनच्या गावात सत्ता विज्ञानाच्या विरुद्ध उभी आहे. १८९७ च्या पुण्यात सत्ता विज्ञानाच्या नावाने आली. प्लेगच्या बंदोबस्तासाठी रँडच्या हाताखाली गोऱ्या सैनिकांनी घरांची झडती घेतली, माणसे अलग केली, सामान जाळले. वृत्तपत्रांतून त्यावर तीव्र टीका झाली. २२ जून १८९७ रोजी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टिळकांना राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच सापडला होता. पण उंदरावरील पिसवांमार्फत रोग पसरतो हे सीमोंने मांडले ते १८९८ मध्ये. म्हणजे ज्या उपायांसाठी घरांची अब्रू पणाला लावली गेली, त्यांच्यामागील ज्ञान स्वतःच अपुरे होते. ते ज्ञान अहवाल म्हणून नव्हे, हुकूम म्हणून आले. त्याविषयी शंका विचारण्याची जागाच नव्हती. म्हणून शंका संतापाच्या रूपाने प्रकट झाली. पुण्यातील नागरिक विज्ञानविरोधी होते असा निष्कर्ष या प्रसंगावरून काढणे, हे चौथ्या अंकावरून बहुमताविषयी निष्कर्ष काढण्याइतकेच उतावीळपणाचे होईल.

‘जनशत्रू’चे आजचे महत्त्व या ठिकाणी आहे. पाणी शुद्ध आहे की नाही, हे मतदानाने ठरत नाही. त्या बाबतीत डॉक्टर बरोबर आहे. परंतु नळ कुणाच्या पैशाने, किती काळात आणि कुणाची गैरसोय करून बदलावयाचे, हे सूक्ष्मदर्शकाने ठरत नाही. त्यासाठी सभा लागते. या दोन प्रश्नांमधील सीमारेषा जपणे हे वृत्तपत्राचे काम आणि दोन्ही बाजूंनी ती ओलांडली जाणे हा आधुनिक समाजाचा आजार होय. इब्सेनने हा आजार दाखविताना आपल्या लाडक्या नायकालाही सूट दिलेली नाही. नाटकाला वीरगाथा समजणाऱ्या वाचकाने चौथा अंक पुन्हा एकदा उघडावा आणि टेबलावर राहिलेल्या त्या कागदांकडे पाहावे. ते वाचून दाखविण्यास कदाचित पाव तास लागला असता.